ब्रासेरो परत गेले, मग मजुरी का नाही वाढली?

रानवारा
शनिवार, रात्री ९.४०

परवा इथल्या मंडळाच्या गणपतीत आरती झाली, ताटं हातात आली आणि विषय निघाला. एक काका म्हणाले, "बाहेरची माणसं आली की पगार पडतात, ती गेली की वाढतात. यात न समजण्यासारखं काय आहे?" काका स्वतः तीस वर्षांपूर्वी नोकरीसाठीच इथे आले. ते भांडायला म्हणून बोलत नव्हते. त्यांच्या मुलाचं शिक्षण संपून वर्ष झालं तरी नोकरी नाही, तो घोर त्यांच्या बोलण्यात होता. म्हणून मी तिथे गप्प राहिले. पण मी जिथे राहते तिथे नेमका हाच प्रयोग साठ वर्षांपूर्वी होऊन गेलाय आणि त्याचा निकाल काकांना वाटतो तसा लागला नाही.

मी कॅलिफोर्नियात वुडलंडजवळ राहते, टोमॅटोची पेस्ट करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. जुलै ते ऑक्टोबर आमचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रक दिवसरात्र धावत असतात आणि हायवेला चढायच्या वळणावर टोमॅटोंचा सडा पडलेला असतो. एवढ्या उंचीवरून पडूनही त्यातले बरेचसे अख्खे असतात. हा टोमॅटो तसा मुद्दाम घडवलेला आहे. का, ते पुढे सांगते.

दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४२ साली, अमेरिकेने शेतमजुरांसाठी मेक्सिकोशी करार केला. त्या मजुरांना म्हणत ब्रासेरो, म्हणजे हातांच्या बळावर काम करणारे. युद्ध संपलं तरी योजना चालूच राहिली, १९६४ पर्यंत. एकेक माणूस अनेकदा यायचा, त्यामुळे एकूण करार ४५ लाखांच्या वर गेले. १९५६ या एका वर्षात साडेचार लाखांच्या जवळपास माणसं आली.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंचे आजोबा ब्रासेरो होते. हद्दीवरच्या केंद्रात रांगेत उभं करून अंगावर डीडीटीची भुकटी फवारायचे, हे सांगताना आजोबा दर वेळी डोळे घट्ट मिटून घ्यायचे म्हणे. खिशातल्या करारावर मालकाचं नाव. दुसऱ्या मळ्यात चार पैसे जास्त मिळतात म्हणून तिकडे जायची सोय नाही. गेलास तर बेकायदा, सापडलास तर परत. मजुरी "प्रचलित दराने" द्यायची असं कागदावर होतं, पण तो दर हंगामाआधी बागायतदारांच्या संघटनाच बसून ठरवत. योजनेच्या पहिल्या काही वर्षांत मजुरीतले दहा टक्के बचत म्हणून कापून घेतले, ते बहुतेकांच्या हातात कधी आलेच नाहीत.

इथल्या स्थानिक शेतमजुरांची मजुरी या योजनेमुळे दबते, असं राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९५१ साली लिहूनच ठेवलं होतं. केनेडींचंही तेच मत होतं. शेवटी संसदेने ३१ डिसेंबर १९६४ ला योजना बंद केली. हेतू प्रामाणिक होता: माणसं कमी झाली की मालकाला मजुरी वाढवावीच लागेल.

मायकेल क्लेमेन्स, ईथन लुइस आणि हॅना पोस्टेल या तिघा संशोधकांनी जुन्या सरकारी नोंदी खणून काढून २०१८ साली याचा हिशेब मांडला. काही राज्यांत ब्रासेरो भरपूर होते, काही राज्यांत थोडे, काही राज्यांत एकही नव्हता. योजना बंद झाल्यावर जिथे भरपूर होते तिथे मजुरी इतरांपेक्षा जोरात वाढायला हवी होती. तसं झालं नाही. मजुरी वाढली, पण सगळीकडे साधारण सारखीच, जिथे ब्रासेरो कधी पाहिलाच नव्हता तिथेही.

मग एवढे हात गेले कुठे? इथे माझा टोमॅटो येतो. डेव्हिसच्या विद्यापीठात जॅक हॅना आणि कोबी लोरेन्झन हे दोघं १९५० च्या आधीपासून एकाच गोष्टीच्या मागे होते. लोरेन्झन यंत्र बनवत होते आणि हॅना त्या यंत्राला सोसेल असं फळ. जाड सालीचं, एका वेळी पिकणारं, वेलीवरून झटकलं की सुटणारं. यंत्र तयार होतं, पण मजूर स्वस्त असेपर्यंत कोणी घेत नव्हतं. १९६४ साली कॅलिफोर्नियात कारखान्याचा टोमॅटो यंत्राने काढण्याचं प्रमाण चार टक्क्यांच्याही आत होतं, १९६८ साली ते ९५ च्या आसपास पोहोचलं. चार हंगामांत! ज्यांना यंत्र नव्हतं, म्हणजे स्ट्रॉबेरी, अ‍ॅस्परॅगस वगैरे, तिथे लागवडीच कमी झाल्या. मालकाकडे मजुरी वाढवण्याखेरीज आणखी दोन वाटा होत्या आणि त्याने त्या घेतल्या.

पण गोष्ट इथे संपत नाही. ८ सप्टेंबर १९६५ ला डेलानोच्या द्राक्षमळ्यांत लॅरी इटलिआँग यांच्या पुढाकाराने फिलिपिनो मजुरांनी काम थांबवलं. मागणी तासाला १ डॉलर ४० सेंटची. हा आकडा ब्रासेरोंसाठी सरकारने शेवटी ठरवलेल्या दराचाच होता, म्हणजे बाहेरून आणलेल्याला जे देता तेवढं तरी आम्हाला द्या. आठवड्याभरात सेसार चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना मिळाली. पाच वर्षं लागली, देशभर लोकांनी द्राक्षं खायचं सोडलं, तेव्हा जुलै १९७० मध्ये मालकांनी सह्या केल्या. ब्रासेरोंचे तांडे हाताशी असताना संप मोडणं मालकाला सोपं जायचं. मजूर कमी झाल्याने आपोआप न वाढलेली मजुरी एकत्र उभं राहिल्यावर वाढली.

एवढं सगळं वाचून माझं मत असं झालंय: किती माणसं आली यापेक्षा, आलेल्या माणसाला मालक सोडून जाता येतं की नाही, यावर मजुरी जास्त ठरते. त्याची आणि त्याच्या शेजारी काम करणाऱ्या स्थानिकाचीही. तुमचे अनुभव सांगा, माझ्या मताच्या विरुद्ध असतील तर आधी सांगा.

कांदेनवमी
शनिवार, रात्री ११.०५

छान लिहिलंय, पण पटलं नाही. मी निफाडचा. लासलगावला आवक वाढली की भाव पडतो, हे आम्हाला कोणत्याही प्राध्यापकाने सांगायची गरज नाही. दोनशे ट्रॅक्टर जादा आले की लिलावात दुपारपर्यंत चित्र पालटतं. माणसाच्या कष्टाला वेगळा नियम कसा लागेल?

रानवारा
रविवार, सकाळी ७.२०

तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, मीही बरेच दिवस तसाच विचार करायचे. पण कांदा बाजारात येतो तो फक्त विकला जायला. माणूस येतो तो खोली भाड्याने घेतो, डाळ-तांदूळ आणतो, केस कापतो, पोराला शाळेत घालतो. म्हणजे तो काम मागतो तसं दुसऱ्यासाठी काम तयारही करतो. दोन्हीचं वजन सारखंच पडेल असं नाही, धंद्याप्रमाणे आणि गावाप्रमाणे ते बदलतं. ब्रासेरोच्या बाबतीत तर दुसरं पारडं हलकंच होतं, कारण मालकाच्या बराकीत राहायचं आणि उरलेला पैसा घरी पाठवायचा.

सरासरी
रविवार, सकाळी १०.१५

मी संख्याशास्त्र शिकवतो. या विषयावरचा सगळ्यात गाजलेला वाद मायामीचा आहे, तो इथे यायलाच हवा.

२० एप्रिल १९८० ला क्यूबाच्या कास्त्रोने जाहीर केलं की ज्यांना जायचंय त्यांनी मारिएल बंदरातून जावं. ऑक्टोबरपर्यंत सव्वा लाख क्यूबन फ्लोरिडात उतरले, बरेचसे मायामीतच राहिले. शहरातले काम करणारे हात काही महिन्यांत ७ टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० साली अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टँपा या शहरांशी मायामीची तुलना केली आणि कमी शिकलेल्या बाकीच्या कामगारांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर परिणाम दिसत नाही असं सांगितलं. २०२१ च्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना मिळाला, त्यात या कामाचाही हात आहे.

पुढे जॉर्ज बोर्हास यांनी (ते स्वतः लहानपणी क्यूबातून आलेले) तीच आकडेवारी पुन्हा उघडली. त्यांनी फक्त शाळा अर्धवट सोडलेले, हिस्पॅनिक नसलेले, २५ ते ५९ वयाचे पुरुष घेतले. त्यांची मजुरी १० ते ३० टक्क्यांनी पडलेली दिसली. केवढा फरक! मग क्लेमेन्स आणि जेनिफर हंट यांनी दाखवलं की त्या गटात पाहणीत आलेली माणसं मुळातच मोजकी होती, आणि १९८० नंतर पाहणीत कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण वाढलं. त्यांची मजुरी आधीपासून कमी असायची. म्हणजे मजुरी पडली की मोजली गेलेली माणसं बदलली, हे सांगणं अवघड.

मी मुलांना हे शिकवतो तेव्हा एकच विचारतो: तुम्ही कोणाला मोजलंत आणि कोणाला वगळलंत? काकांच्या मुलाला सरासरीत काही झालं नसलं म्हणून दिलासा मिळत नाही. आणि सर्वांत मोठा फटका बहुधा कोणाला बसतो? नुकत्याच, थोडं आधी आलेल्यांना. ते त्याच खिडकीसमोर रांगेत असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा २०१६ चा मोठा अहवालही लांबच्या काळात एकूण मजुरीवरचा परिणाम अगदी थोडा आहे असं म्हणतो आणि जो उणा परिणाम आहे तो आधीचे स्थलांतरित आणि शाळा अर्धवट सोडलेले यांच्यावर, असंही म्हणतो.

ओंजळ
रविवार, दुपारी १२.५०

सरासरी सरांच्या शेवटच्या परिच्छेदावर माझं घर उभं आहे.

आम्ही ब्रॅम्प्टनला. नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ कॅनडाने विद्यार्थ्यांवरची आठवड्याला २० तासांची मर्यादा उठवली होती. त्या काळात मी एका गोदामात पॅकिंगला होते. सकाळी साडेपाचला बस थांब्यावर मुलंच मुलं, जॅकेटच्या टोपीत तोंड लपवून उभी. मला ऑक्टोबर २०२३ ला तासाला १६.५५ मिळायला लागले, कारण ओंटारियोचा किमान दर तेवढा झाला. त्याच्या वर एक सेंट नाही. सुपरवायझरकडे वाढ मागितली तर तो दाराकडे बोट दाखवायचा. दाराबाहेर खरंच माणसं होती. ते मी रोज पाहत होते, त्यामुळे परिणाम होत नाही असं कोणी म्हटलं की मला रडू येतं.

पण रानवाराताई, तुमचंही खरं आहे. माझा धाकटा भाऊ शिक्षण संपवून एका उपाहारगृहात लागला, मालकाच्या नावाने बांधलेल्या परमिटवर. स्लिपवर ४० तास, काम ५५ तास. आणि पगार जमा झाला की त्यातले काही रोख परत मागतात. त्याच स्वयंपाकघरात इथेच जन्मलेला एक मुलगा भांडी घासायला होता. त्याने जादा तासांचे पैसे मागितले तर त्याला कामावरूनच काढलं, कारण माझा भाऊ फुकट थांबत होता. भावाला त्याचं फार वाईट वाटलं. पण तो बोलला असता तर परमिट गेलं असतं.

नीलमोहर
रविवार, रात्री ८.३०

रानवारा, "प्रचलित दर" हे शब्द वाचून मी थांबलो. एच-१बी, म्हणजे अमेरिकेत नोकरीसाठी मिळणारा व्हिसा, त्याच्या कागदावर आजही तेच शब्द आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या भागात त्या कामाला मिळणाऱ्या सगळ्या पगारांची चढती रांग लावली आणि शंभर भाग केले, तर सर्वांत खालच्या, म्हणजे पहिल्या पातळीचा एच-१बी पगार सतराव्या जागेवरचा आहे. दुसऱ्या पातळीचा चौतिसाव्या. मधला पगार म्हणजे पन्नासावा, तो तिसऱ्या पातळीला येतो. म्हणजे कायदा पाळूनच मधल्यापेक्षा कमी देता येतं. वर्षाला ६५ हजार व्हिसा आणि इथे मास्टर्स केलेल्यांचे २० हजार या संख्येवर दर निवडणुकीत भांडण होतं. या पातळ्यांवर तितकं होत नाही.

माझी नोकरी गेली तेव्हा नवी शोधायला, नाहीतर देश सोडायला, हातात ६० दिवस होते. बायको सातव्या महिन्यात. पन्नासाव्या दिवशी जी ऑफर आली तिच्यात आधीपेक्षा पगार बराच कमी होता. मी आकडा नीट वाचलासुद्धा नाही, सही केली. माझ्याबरोबर मुलाखत दिलेला एक अमेरिकन गृहस्थ होता, माझ्याहून अनुभवी. त्याने तो पगार नाकारला असणार. काकांचा मुलगा ज्या पगाराची वाट बघतोय तो माझ्यासारख्याच्या सहीने खाली आला, हे मी मान्य करतो. पण माझ्या हातात सहा महिने असते तर मी ती सही केली नसती.

कांदेनवमी
रविवार, रात्री १०.१०

नीलमोहर, हे लिहायला धीर लागतो. माझ्या आवकेच्या हिशेबात एक गोष्ट राहिली हे कबूल करतो. शेतकरी भाव पटला नाही तर ट्रॉली परत नेऊ शकतो. ज्याला परत नेता येत नाही, ज्याचा कांदा भिजलाय, तो मिळेल त्या भावाला देतो आणि पूर्ण बाजार खाली बसवतो.

खाडीकाठ
सोमवार, सकाळी ६.४५

आमच्या खेड-चिपळूणकडे दर दुसऱ्या घरातला माणूस आखातात. वडील दुबईला सुतारकाम करायचे, पासपोर्ट मुकादमाच्या कपाटात. कराराची मुदत संपली तरी मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे लागता येत नसे. नाहीतर घरी परत यायचं आणि सहा महिने थांबायचं.

२०११ पासून अमिरातींनी नियम बदलला, करार पुरा झाला की मालकाला न विचारता काम बदलता येऊ लागलं. सुरेश नायडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केलाय. देशात येणारी माणसं तीच, काम तेच, पण करार संपलेल्यांची कमाई दहा टक्क्यांहून जास्त वाढली. गंमत म्हणजे बहुतेक जण मालक सोडून गेलेच नाहीत, उलट देश सोडून परत जाणं कमी झालं. सोडता येतं एवढं मालकाला कळलं तरी पुरलं. मात्र नव्याने येणाऱ्यांची भरती थोडी घटली, हेही त्याच अभ्यासात आहे. माझा चुलतभाऊ त्या नव्यांतला, त्याला दोन वर्षं वाट पाहावी लागली.

बालाघाट
सोमवार, दुपारी २.००

हे सगळं परदेशातलं चाललंय, पण आमच्या बीडच्या माणसाला यातलं काहीच नवं नाही. ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. दिवाळीच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फिटेपर्यंत टोळी सोडायची नाही. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, पाल टाकून सहा महिने. टनाचा भाव परवडत नाही म्हणून मध्येच दुसऱ्या कारखान्याला गेलात तर मुकादम माणसं घेऊन दारात. स्वतःच्या देशात असून मालक सोडता येत नाही.

आणि आता तोडणी यंत्रं आलीत. यंत्राला टनामागे जो दर मिळतो तो कोयत्याला का नाही, ही आमच्या संघटनांची जुनी तक्रार आहे. रानवाराताई, तुमच्या टोमॅटोच्या यंत्राने ज्यांची कामं गेली त्यांचं पुढे काय झालं, ते सांगा. आमच्या गावात हाच प्रश्न आहे.

रानवारा
सोमवार, रात्री ९.१५

बालाघाट, तुमचा प्रश्न मी लेखात घ्यायला हवा होता. सुरुवातीच्या यंत्रावर दहा-बारा जण उभे राहून निवडायचे, त्यात बायका जास्त. हिरवे बाजूला काढायचे, मातीची ढेकळं फेकायची. मग रंग ओळखणारे इलेक्ट्रॉनिक डोळे आले आणि त्यातल्याही बऱ्याच बायका खाली उतरल्या. शेतमजुरांच्या बाजूने १९७९ साली विद्यापीठावर दावा झाला. म्हणणं असं की जनतेच्या पैशाने यंत्र केलंत आणि फायदा फक्त मोठ्या बागायतदारांना. वर्षानुवर्षं खटला चालला, शेवटी मजूर हरले. उतरलेल्या माणसांसाठी कोणी काही केलं, असं मला इथल्या जुन्या लोकांकडून ऐकायला मिळालेलं नाही. तुमच्याकडे यंत्रं आत्ता येतायत. पुनर्वसन यंत्राच्या अनुदानालाच बांधून मागायचं असेल तर ती वेळ आजची आहे.

ओंजळ, भावाबद्दल. मालकाच्या नावाने बांधलेलं परमिट चालू असेल, तो कॅनडातच असेल आणि त्याची पिळवणूक होत असेल, तर २०१९ पासून तिथे त्याला खुलं वर्क परमिट मागता येतं. पगारातले पैसे परत मागणं आणि तास चोरणं हे त्यात बसतं. पण बांधलेल्या परमिटची मुदत संपायच्या आत अर्ज करायला हवा. स्लिपा, कामाच्या पाळ्यांचे फोटो, पैसे परत मागितल्याचे मेसेज, जे असेल ते गोळा करा.

ओंजळ
सोमवार, रात्री ११.३०

ताई, आत्ताच त्याला फोन केला. आधी घाबरला. मग म्हणाला पाळ्यांचा तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवतात, त्याचे गेल्या मार्चपासूनचे फोटो त्याच्या फोनमध्ये आहेत, बसची वेळ बघायला काढलेले. परमिटला अजून चार महिने आहेत. भांडी घासणाऱ्या त्या मुलाचा नंबरही आहे, तो साक्ष द्यायला तयार होईल असं वाटतं. बुधवारी भावाची सुट्टी आहे, तेव्हा आम्ही दोघं बसून अर्ज भरतो. काही अडलं तर इथेच विचारते.